आजाऱ्यांच्या भेटीसाठी पदवी कशाला?

प्रश्न : सप्रेम सलाम. माझे वय ३१ वर्षे आहे. पुण्याच्या सेमिनरीतून (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेतून) मी बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी घेतली असून सध्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका मंडळीत महिलांचे व संडे स्कूलचे काम पाहते. माझी आई मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती, त्यामुळे वॉर्डांच्या आसपासच मी लहानाची मोठी झाले. गेली दोन वर्षे आठवड्यातून एकदा तेथील रुग्णांना भेटायला जाते आणि हेच आपले काम आहे, असे मनापासून वाटू लागले आहे. पुढे एम.टीएच. (धर्मशास्त्रातील पदव्युत्तर पदवी) करावे, सी.पी.ई. (रुग्णसेवेचे प्रत्यक्ष वॉर्डातले प्रशिक्षण) करावे, एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) करावे की परदेशी जाण्याचा प्रयत्न करावा, हे कळत नाही. मंडळीतील एक वडीलधारे म्हणाले, ‘आजाऱ्यांना भेटून प्रार्थना करायला पदवी कशाला लागते?’ त्यावर मला उत्तर देता आले नाही. पती शिक्षक आहेत, मुलगी चार वर्षांची आहे. मार्गदर्शन करावे.

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम.

तुम्ही विचारलेल्या चार पर्यायांपेक्षा त्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याकडे वळते. आजाऱ्याची भेट घेणे हे प्रत्येक विश्वासणाऱ्याचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी पदवी लागत नाही, हे त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे. पाळकसाहेब आपल्या मंडळीतल्या आजाऱ्याला भेटायला जातात तेव्हा त्या घराचा उंबरा त्यांच्या ओळखीचा असतो. त्यांनी त्या घरातले लग्न लावलेले असते, मुलांचा बाप्तिस्मा केलेला असतो, आणि आजारी माणसानेच बहुधा त्यांना निरोप धाडलेला असतो. रुग्णालयातल्या चॅप्लेनची, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देण्यासाठी तेथे नेमलेल्या धर्मसेवकाची, गोष्ट वेगळी आहे. तो अनोळखी माणसाच्या खाटेपाशी जाऊन उभा राहतो. आपल्याकडच्या मिशन रुग्णालयांत, मग ते मिरजेचे वानलेस असो वा अहिल्यानगरचे इव्हँजेलीन बूथ, बहुतेक रुग्ण ख्रिस्ती नसतात; त्यांनी चॅप्लेनला बोलावलेले नसते आणि चॅप्लेन म्हणजे कोण हेही पुष्कळांना ठाऊक नसते. शिवाय ज्याच्या हाताला सलाईन लावलेले आहे आणि ज्याची फाईल दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे, तो माणूस तुमचे बोलणे आवडले नाही म्हणून उठून जाऊ शकत नाही. ज्याला उठून जाता येत नाही, त्याच्याशी बोलण्याचे काम ज्याने पत्करले, त्याने आपले बोलणे दुसऱ्याकडून तपासून घेतलेच पाहिजे. माझ्या मते प्रशिक्षणाचे मुख्य कारण हेच आहे, आणि त्या वडीलधाऱ्यांना तुम्ही ते आदराने सांगू शकता.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या प्रशिक्षणातील एक प्रसंग येथे सांगते. कोणाची ओळख पटेल असे त्यात काही ठेवलेले नाही. मधुमेहामुळे गुडघ्याखाली पाय काढावा लागणार होता असे एक शेतकरी आजोबा सर्जिकल वॉर्डात होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना भेटले, सुमारे दहा मिनिटे बोलले, प्रार्थना केली आणि बाहेर आले. नियमाप्रमाणे त्या रात्री मी संभाषण आठवून इंग्रजीत लिहून काढले व दुसऱ्या दिवशी गटापुढे वाचून दाखवले. आमचे सुपरवायझर दक्षिणेकडचे होते, त्यांना मराठी जेमतेम कळत असे. मी लिहिले होते : रुग्णाने शस्त्रक्रियेविषयी चौकशी केली, मी त्यांना धीर दिला, मग आम्ही प्रार्थना केली. सुपरवायझरांनी पेन्सिलीने पहिल्या वाक्याखाली रेघ ओढली आणि विचारले, ‘त्यांचे नेमके शब्द काय होते? मराठीतच सांगा.’ मला आठवून सांगावे लागले. आजोबा म्हणाले होते, ‘बाई, पाय कापल्यावर तुम्ही लोक त्याचं काय करता?’ आणि त्यावर मी म्हटले होते, ‘बाबा, काळजी करू नका, देव तुमच्याबरोबर आहे, आपण प्रार्थना करू या.’ त्यांनी हात जोडले होते. माझे आमेन झाल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केले होते, पण ते मी लिहिलेच नव्हते.

सुपरवायझरांनी एवढेच विचारले, ‘या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला माहीत होते का?’ माहीत नव्हते. आणि माहीत नाही असे म्हणण्याऐवजी मी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली होती. त्याच सकाळी वॉर्डाच्या सिस्टरांकडे जाऊन मी नियम विचारला, तेव्हा कळले की नातेवाइकांनी लेखी मागणी केली तर काढलेला अवयव त्यांच्या ताब्यात देता येतो. शस्त्रक्रिया सुदैवाने एक दिवस पुढे गेली होती. हे सांगितल्यावर आजोबा उठून बसले. तो पाय त्यांना आपल्या शेताच्या बांधावर लिंबाखाली पुरायचा होता, आणि थोरल्या मुलाला हे कसे सांगावे या संकोचाने त्यांनी ते परक्या बाईला विचारून पाहिले होते. मुलगा संध्याकाळी डबा घेऊन आला. वडील त्याच्याशी बोलत असताना मी त्या खाटेच्या कडेला बसून होते. त्या भेटीत माझ्या तोंडून चार वाक्येही निघाली नसतील. प्रार्थना नंतर झाली, त्यांनीच मागितली म्हणून.

या पद्धतीलाच क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे सी.पी.ई., म्हणतात, आणि तिचा उगम ठाऊक असणे तुम्हाला उपयोगी पडेल. अमेरिकेतील अँटन बॉयसन हे पाळक १९२० मध्ये स्वतःच तीव्र मानसिक आजाराने रुग्णालयात दाखल झाले होते. आपल्या आजारात केवळ मेंदूचा बिघाड नसून श्रद्धेचाही झगडा होता आणि तो समजून घेणारे तेथे कोणी नव्हते, अशी त्यांची खात्री झाली. बरे झाल्यावर मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर स्टेट हॉस्पिटल या मनोरुग्णालयात ते चॅप्लेन झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांना तेथे शिकायला आणले. ग्रंथ जितक्या बारकाईने वाचतो, तितक्याच बारकाईने संकटातला जिवंत माणूस वाचायला शिकले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी बोस्टनचे प्रसिद्ध डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी, वैद्यकाचे विद्यार्थी जसे रुग्णाच्या खाटेपाशी शिकतात, तसे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही एक वर्ष शिकावे, अशी मागणी लेखी मांडली होती. पुढे संभाषण शब्दशः लिहून त्यावर चर्चा करण्याची रीत रुळली. त्या लिखाणाला व्हर्बॅटिम म्हणतात, आणि जगभरच्या सी.पी.ई. केंद्रांत आजही तेच मुख्य साधन आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप थोडक्यात असे असते. पाच-सहा प्रशिक्षणार्थींचा एक गट असतो आणि प्रत्येकाला वॉर्ड नेमून दिलेले असतात. दिवसाचा मोठा भाग रुग्णांबरोबर जातो, काही रात्री ड्युटी लागते, आणि उरलेल्या वेळात व्याख्याने, गटचर्चा व सुपरवायझरांशी एकट्याने भेट होते. अमेरिकी मोजमापाप्रमाणे सी.पी.ई.चे एक युनिट किमान ४०० तासांचे असते आणि त्यातले बहुतांश तास प्रत्यक्ष सेवेचे असतात. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या चॅप्लेन्सी विभागात हे प्रशिक्षण मिळते. १९०० साली डॉ. आयडा स्कडर यांनी एका खाटेच्या दवाखान्याने सुरू केलेली ती संस्था आज देशातील मोठ्या शिक्षण-रुग्णालयांपैकी एक आहे, आणि नवजात अर्भकांपासून कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांपर्यंत एवढे विविध वॉर्ड एकाच आवारात दुसरीकडे क्वचितच मिळतील. अभ्यासक्रमांची मुदत, सत्रांच्या तारखा व शुल्क बदलत असते, म्हणून विभागाला थेट पत्र लिहा. त्या पत्रात एक प्रश्न जरूर विचारा : मूळ संभाषण आपल्या भाषेत लिहून, सोबत भाषांतर जोडून दिलेले चालेल का? वरच्या प्रसंगावरून हा प्रश्न मी का विचारायला सांगते आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. इंग्रजीत लिहिताना आपण रुग्णाचे बोलणे नकळत धुऊन-पुसून ठेवतो. ‘माझ्याच वाट्याला का आलं हे’ आणि ‘आता माझं कोण बघणार’ या दोन वाक्यांत दोन वेगळी दुःखे आहेत, पण इंग्रजी अहवालात दोन्हींची नोंद चिंता एवढीच होते.

आता एम.टीएच.विषयी. बंगालमधील सेरामपूर कॉलेजची स्थापना १८१८ मध्ये झाली, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून त्याला पदव्या देण्याची सनद मिळाली आणि १९१८ च्या कायद्याने सिनेटची, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदव्यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची, रचना झाली. त्या सिनेटशी संलग्न असलेल्या सेमिनरींत एम.टीएच. हा बी.डी.नंतरचा दोन वर्षांचा, प्रबंधासह असलेला अभ्यासक्रम आहे. पास्टोरल केअर (आध्यात्मिक आधाराची सेवा) व समुपदेशन ही त्यातली शाखा तुमच्या उपयोगाची आहे. मात्र ही शाखा सर्वच सेमिनरींत नसते आणि जेथे असते तेथेही मार्गदर्शक उपलब्ध आहेत की नाहीत त्याप्रमाणे प्रवेश दिले जातात, म्हणून आधी चौकशी करा. एम.टीएच.ची किंमत मी कमी लेखत नाही. दुःखाचा प्रश्न, देवाचे मौन, रोगमुक्तीची प्रार्थना करूनही मरण पावलेले मूल, अशा गोष्टींवर खोलवर वाचायला आणि लिहायला दोन वर्षे मिळणे हे मोठे भाग्य आहे, आणि पुढे तुम्हाला सेमिनरीत शिकवायचे असेल किंवा स्वतः प्रशिक्षण विभाग उभा करायचा असेल तर ही पदवी लागेलच. पण केवळ एम.टीएच. केल्याने कोणी चॅप्लेन होत नाही. ग्रंथालयात बसून दुःखावर उत्तम प्रबंध लिहिलेली आणि वॉर्डाच्या दारात उभे राहिल्यावर हात कोठे ठेवावेत हे न सुचलेली चांगली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून माझा सल्ला असा की, आधी सी.पी.ई. करावे आणि मग एम.टीएच. करावे. असे केल्याने प्रबंधाचा विषय तुम्हाला शोधावा लागणार नाही. तो वॉर्डातच सापडलेला असेल. ग्रामीण महाराष्ट्रातील मिशन रुग्णालयात हिंदू, बौद्ध आणि मुस्लीम रुग्ण ख्रिस्ती चॅप्लेनकडून काय अपेक्षितात, हा विषय तुमच्या दोन वर्षांच्या भेटींतून आत्ताच डोकावतो आहे.

एम.एस.डब्ल्यू. चांगली पदवी आहे, पण ते काम वेगळे आहे. वैद्यकीय समाजसेवकाचे पद सरकारी रुग्णालयांतही असते. योजनांचे अर्ज, ट्रस्टची मदत, घरी गेल्यावरची व्यवस्था हे त्याचे क्षेत्र. स्थिर नोकरीची गरज कुटुंबाला आधी असेल तर तो मार्ग निवडण्यात कमीपणा नाही. समुपदेशनाच्या पदविकेविषयी एवढेच सांगते की, ती केल्यानंतरही स्वतःला मानसोपचारतज्ज्ञ म्हणवू नका व तशी अपेक्षा रुग्णाच्या मनात निर्माण होऊ देऊ नका. चॅप्लेनच्या कामाला आपल्या देशात कायद्याने नोंदणी नाही, त्यामुळे मर्यादा आपल्यालाच आखावी लागते : आत्महत्येचे विचार, भास, दीर्घ नैराश्य अशी लक्षणे दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे.

परदेशाचा विचार आत्ता बाजूला ठेवा, असे मी स्पष्टच म्हणेन. अमेरिकेत बोर्ड सर्टिफाइड चॅप्लेन होण्यासाठी धर्मशास्त्राची पदव्युत्तर पदवी, सी.पी.ई.ची चार युनिटे, त्यानंतर २,००० तासांचा कामाचा अनुभव आणि आपल्या चर्चचे अधिकृत शिफारसपत्र लागते. तेथील वर्षभराच्या रेसिडेन्सीत विद्यावेतन मिळते, ही गोष्ट खरी आहे, परंतु व्हिसा आणि चार वर्षांची मुलगी यांचा हिशेब त्यात धरावा लागेल. ब्रिटनमध्ये रुग्णालयातील चॅप्लेनांची स्वतंत्र व्यावसायिक नोंदवही आहे, तिला २०१७ पासून अधिकृत मान्यता आहे, आणि चॅप्लेन्सीतील पदव्युत्तर शिक्षणाची तेथे अपेक्षा असते. ही दोन्ही दारे तुम्हाला पाच वर्षांनीही उघडी असतील, आणि भारतातले एक-दोन युनिटांचे प्रशिक्षण गाठीशी असेल तर अर्जाला वजनही येईल. पण मनातले सांगायचे तर, तुमच्यासारखी मराठी वॉर्डात वाढलेली व्यक्ती इंग्रजी वॉर्डात जाणे हे आपले नुकसान आहे.

एका गोष्टीवर मात्र मला सविस्तर बोललेच पाहिजे, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. धर्मांतराचा संशय हा भारतातील ख्रिस्ती चॅप्लेनच्या वाटेत सतत उभा असतो, आणि त्याला कोरड्या खुलाशांनी उत्तर देता येत नाही. तुमच्या वागण्यानेच द्यावे लागते. रुग्णाने विचारल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. विचारले तर कोणती आणि कोणाच्या नावाने, हे त्याला आधी स्पष्ट सांगायचे. उशाला माउलींची पोथी असेल तर ती बाजूला सारून पवित्र शास्त्र ठेवायचे नाही; उलट डोळ्यांनी वाचवत नसेल तर पोथीचे पान उघडून द्यायचे, आणि घरी रोज कोण वाचून दाखवते हे विचारायचे. मौलवींना किंवा बौद्ध भिक्खूंना बोलवा असे कोणी म्हटले, तर फोन लावून द्यायचा. यात आपल्या विश्वासाशी तडजोड होते असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. आजारी माणसाच्या अगतिकतेचा फायदा घेऊन मिळालेला होकार प्रभूच्या पायाशी ठेवण्याजोगा नसतो, हे आपल्याच शुभवर्तमानातून मी शिकले आहे. चांगल्या सी.पी.ई. केंद्रात या प्रश्नावर तुम्हाला गटापुढे उभे राहून बोलावे लागते, आणि आपल्या मनात खोलवर काय दडले आहे ते तेथे बाहेर येते. प्रवेश घेण्यापूर्वी एखाद्या केंद्राने या बाबतीत गुळमुळीत उत्तर दिले, तर तेथे जाऊ नका.

कामाच्या संधींविषयी खोटी आशा दाखवत नाही. मिशन रुग्णालयांत चॅप्लेनची पदे थोडी आहेत, पगार बेताचा असतो आणि पुष्कळ ठिकाणी पाळकसाहेबांकडेच हे काम जोडकाम म्हणून दिलेले असते. मात्र उपशामक सेवेचे, म्हणजे गंभीर आजारातील रुग्णांच्या वेदना हलक्या करण्याचे, क्षेत्र वाढते आहे. लंडनला १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांसाठीचे सेवागृह) सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी रुग्णाच्या वेदनेत शरीर, मन, नातीगोती आणि आत्मा या सर्वांचा वाटा असतो असे मांडले, आणि आज जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही आध्यात्मिक गरजांचा समावेश आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. अशा ठिकाणी काही दिवस राहून पाहण्याची परवानगी मागा. मरणाच्या जवळ असलेल्या माणसांबरोबर रोज बसणे आपल्याला झेपते का, हे कोणत्याही प्रवेश परीक्षेत कळत नाही. आणि झेपले नाही, तरी त्यात अपयश मानण्याचे कारण नाही; प्रसूती आणि बालरोग विभागांतही चॅप्लेनची तितकीच गरज असते.

बिशपसाहेबांना आत्ताच पत्र लिहा. तुमच्या धर्मप्रांताचे शिफारसपत्र प्रत्येक टप्प्यावर लागेल, आणि धर्मप्रांताने तुम्हाला शिक्षणासाठी पाठवले असे झाले तर शुल्काचा काही भार हलका होण्याची व परत आल्यावर नेमणुकीची शक्यता वाढते. पत्रात ‘मला शिकायचे आहे’ एवढेच न लिहिता, परत आल्यावर कोणत्या रुग्णालयात काय करण्याचा विचार आहे, हे अर्ध्या पानात मांडा. दीक्षेचा, म्हणजे पाळक म्हणून विधिवत अभिषेक होण्याचा, प्रश्न त्यांच्यापुढे याच वेळी ठेवा. रुग्णाने प्रभुभोजन मागितले की दीक्षित असणे-नसणे याने प्रत्यक्ष फरक पडतो.

मुलीसाठी म्हणून थांबावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्राच्या शेवटच्या ओळीत तो प्रश्न आहेच. सी.पी.ई.चे थोड्या मुदतीचे सत्र शाळेच्या उन्हाळी सुट्टीला जोडून मिळते का ते पाहा; पती शिक्षक असल्याने तेव्हा तेही मोकळे असतील. एम.टीएच.च्या दोन वर्षांसाठी मात्र कुटुंबासह राहण्याची सोय असलेलीच सेमिनरी निवडा. मोठ्या सेमिनरींत विवाहित विद्यार्थ्यांसाठी घरे असतात, पण ती मोजकी असल्याने अर्जातच मागणी नोंदवावी लागते. तोवर या आठवड्याच्या भेटीतील एकच संभाषण, रुग्णाचे नाव व गाव न लिहिता, जसे झाले तसे मराठीत लिहून काढा. तुम्ही काय म्हणालात तेही लिहा, आणि तुम्ही बोलून झाल्यावर रुग्णाने कोणीकडे पाहिले, तेही.